भिंतीवरचा नकाशा
लेखमाला : घर मिळालेली मुलं (भाग ७)

कोलकात्यात हुगळीच्या काठाकाठानं दक्षिण-पश्चिमेकडे गेलं की गार्डन रीच लागतं. गोदी, जहाजबांधणीचा कारखाना, मटियाब्रुजच्या शिवणकामाच्या गल्ल्या आणि त्यांच्या शेजारीच दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय. पूर्वीच्या बंगाल नागपूर रेल्वेचा, म्हणजे 'बी.एन.आर.'चा, कारभार इथूनच चालायचा. मुंबईहून भुसावळ, नागपूरमार्गे निघालेली गाडी शेवटच्या टप्प्यात ज्या रुळांवरून हावड्याला पोचते, त्या रुळांची व्यवस्था आजही इथूनच पाहिली जाते.

१९८६ साली हावडा स्थानकात पाच वर्षांचा एक मुलगा गाडीतून एकटाच उतरला. बऱ्हाणपूरच्या फलाटावर तो थोरल्या भावाची वाट बघत झोपी गेला होता. जाग आल्यावर भाऊ दिसेना, म्हणून समोर उभ्या असलेल्या गाडीत शिरला आणि डब्यातच पुन्हा झोपला. गाडी सुटली, दारं उघडेनात. दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून तो अशा शहरात आला, जिथली भाषा त्याला येत नव्हती. आडनाव माहीत नव्हतं. गावाचं नाव विचारलं की तो 'गिनेस्टले' असं काहीतरी सांगे, आणि स्टेशनचं नाव 'बेरमपूर'. असं गाव पोलिसांना सापडणार कुठं? ते होतं खांडव्यातलं गणेश तलाई, आणि स्टेशन होतं बऱ्हाणपूर. जळगाव जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच लागणारं.

काही आठवडे हा मुलगा स्थानकाच्या आणि नदीच्या आसपास भटकला. मग एका किशोरवयीन मुलानं त्याला पोलीस ठाण्यात नेलं. तिथून लिलुआचं बालगृह, आणि तिथून सरोज सूद यांच्या 'इंडियन सोसायटी फॉर स्पॉन्सरशिप अँड अ‍ॅडॉप्शन' या संस्थेकडे. हरवलेलं मूल म्हणून नोंद झाली, शोधही झाला. पण मुलाच्या तोंडातली नावं नकाशावरच्या नावांशी जुळली नाहीत. सप्टेंबर १९८७ मध्ये तो ऑस्ट्रेलियात पोचला. टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहरातल्या सू आणि जॉन ब्रायर्ली या दांपत्यानं त्याला दत्तक घेतलं होतं. पुढे 'अ लाँग वे होम' हे पुस्तक लिहिणारा आणि २०१६ च्या 'लायन' चित्रपटामुळे जगाला माहीत झालेला सरू ब्रायर्ली तो हाच. चित्रपटात छोट्या सरूचं काम मुंबईच्या सनी पवारनं केलं, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

गूगल अर्थवरून गाव शोधून काढल्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. या लेखमालेच्या दृष्टीनं महत्त्वाची आहेत ती त्याआधीची पंचवीस वर्षं. त्या काळात एका मुलानं आपल्या दत्तक असण्याशी कसं जुळवून घेतलं आणि घरातल्या मोठ्यांनी त्यासाठी काय केलं, हे पाहायला हवं.

पहिली गोष्ट सरू निघण्याआधीच झाली होती. ब्रायर्ली दांपत्यानं स्वतःचे, घराचे आणि अंगणाचे फोटो लावलेला छोटा लाल अल्बम कोलकात्याला पाठवला होता. सरोज सूद यांनी तो मुलासमोर धरला आणि आई सापडत नाही हे त्याला स्पष्ट सांगून मग विचारलं, या माणसांकडे राहायला जाशील का? पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या होकाराला कायद्यात फारसं वजन नसेल, पण त्या मुलाच्या मनात होतं. त्याला कुणी उचलून नेलं नव्हतं, विचारून नेलं होतं.

दुसरी गोष्ट होबार्टच्या खोलीत होती. सूनं त्याच्या पलंगाजवळच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला आणि घरात भारतीय वस्तू मांडल्या. मुलाला इंग्रजी येऊ लागलं तशा आठवणी बाहेर पडू लागल्या, आणि तिनं त्या वहीत टिपून ठेवल्या. वर्षभरानंतर दोघांनी मिळून त्याच्या गावाचं एक चित्रही काढलं. घर कुठं, नदी कुठं, पूल कुठं, स्टेशन कुठं. 'ते सगळं विसर, आता हेच तुझं घर' असं ती म्हणाली नाही. मुलाचं आधीचं आयुष्य तिनं त्याच्यासाठी जपून ठेवलं, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सरूच्या सगळ्या गोष्टीत याहून मोठं काम कुणी केलेलं नाही.

आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत याच्या उलट चालतं. मूल अगदी तान्हं असताना आणलं जातं, मग शहर बदलतं, क्वचित गरोदरपणाचं नाटकही होतं, आणि नातेवाइकांना तंबी मिळते : याच्या कानावर जाता कामा नये. 'मोठा झाला की सांगू' म्हणतात, पण तो दिवस उगवत नाही. बारशाला आलेल्या शेजाऱ्यांपासून शाळेतल्या मावशींपर्यंत सर्वांना माहीत असलेली गोष्ट फक्त त्या मुलाला माहीत नसते. ती कळते ती भांडणात, मामाच्या तोंडून निसटून, नाहीतर वडिलांच्या मृत्यूनंतर मालमत्तेची कागदपत्रं चाळताना. त्या वेळी दत्तक असण्यापेक्षा खोटं बोलल्याचं दुःख अधिक असतं. आईवडिलांच्या आणखी कोणत्या गोष्टीवर आता विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मागे उरतो.

ही लपवाछपवी आपली जुनी रीत आहे, असा समज आहे. इतिहास मात्र वेगळं सांगतो, आणि त्या इतिहासाचा एक धागा गार्डन रीचलाच पोचतो. अवधचं राज्य खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये इथंच येऊन राहिले. त्यांचं राज्य गेलं ते गैरकारभाराच्या नावाखाली; पण ते खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरल डलहौसीच्याच कारकिर्दीत सातारा, नागपूर आणि झाशी ही राज्यं गेली ती औरस वारस नाही या सबबीवर, दत्तकाचा हक्क नाकारून. झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, नेवाळकरांच्या भाऊबंदकीतला आनंदराव दत्तक घेतला. तो साधारण सरूच्याच वयाचा होता. त्याचं नाव ठेवलं दामोदरराव, राजाच्या वारलेल्या मुलाचं. कवळाण्याच्या गोपाळरावाला १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतलं, ते सयाजीराव झाले. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला, ते शाहू महाराज.

या मुलांना आपण कुठून आलो हे लख्ख माहीत होतं, कारण दत्तकविधान भर दरबारात, साक्षीदारांपुढे व्हायचं. अर्थात ते सगळं गादीसाठी आणि पिंडासाठी होतं. मुलाच्या मनाचा विचार कुणाच्या गावी नव्हता. दुसऱ्याच्या मृत मुलाचं नाव घेऊन वाढताना दामोदररावाला काय वाटलं असेल, हे त्याला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण सत्य दडवलेलं नव्हतं.

मटियाब्रुजच्या मुस्लिम वस्तीत मुलाचा सांभाळ करण्याची जी परंपरा आहे, तीही या बाबतीत स्पष्ट आहे. इस्लाममध्ये पोरक्या मुलाला सांभाळणं पुण्याचं मानलं जातं, पण त्याचं मूळ पितृनाम पुसू नये असा दंडक आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना लागू नव्हता. त्यांना १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झालं की तेही संपे. परदेशी दांपत्यंही त्याच कायद्यानं पालकत्व घेऊन मूल नेत आणि आपल्या देशात दत्तकविधान पूर्ण करत. बालन्याय कायद्यानं सर्व धर्मांच्या लोकांना पर्याय दिला, आणि शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं : ज्याला हवं त्यानं या कायद्यानं दत्तक घ्यावं, ज्याला आपला वैयक्तिक कायदा पाळायचा असेल त्यानं तो पाळावा.

म्हणजे मुलाचं मूळ लपवावं असं ना दरबारी दत्तकानं शिकवलं, ना मटियाब्रुजच्या परंपरेनं. अनोळखी घरातलं मूल संस्थेतून आणायची पद्धत रुळली, तशी ही सवय पसरली. मूल न होण्याची लाज आणि कुमारी मातेविषयीची लाज या दोन्हींनी ती पोसली. दोन्ही लाजा मोठ्यांच्या होत्या. ओझं मुलाच्या पाठीवर आलं.

'सांगावं का' हा प्रश्न तज्ज्ञांच्या लेखी केव्हाच निकालात निघाला आहे. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क स्वतः दत्तक मुलांचे वडील होते. दत्तक कुटुंब हे इतर कुटुंबांसारखंच आहे असं भासवत राहण्यापेक्षा त्यातलं वेगळेपण मान्य करणाऱ्या घरांत नाती अधिक मोकळी राहतात, असं त्यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. 'कधी सांगावं' या प्रश्नावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८० च्या दशकातलं काम महत्त्वाचं आहे. तीन-चार वर्षांचं मूल 'मी दत्तक आहे' असं आनंदानं सांगतं, पण त्याचा अर्थ त्याला कळलेला नसतो. जन्म देणं आणि दत्तक घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास उमगतं. आठ ते अकरा या वयात गोष्टीची दुसरी बाजू दिसते. यांनी मला घेतलं, म्हणजे त्याआधी कुणीतरी मला दिलं किंवा सोडलं.

पालक गोंधळतात ते इथंच. 'आम्ही तर तिला पहिल्यापासून सांगितलंय, ती किती छान बोलायची, आता अचानक चिडचिड का?' अचानक काही झालेलं नसतं. मुलीची बुद्धी वाढलेली असते, आणि जुन्या माहितीतलं दुःख तिला पहिल्यांदाच दिसत असतं. नेमक्या याच वयात शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगतात, जन्मल्या दिवशीचा फोटो मागतात. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता येते. लग्नघरात कुणी नातलग तिच्यादेखत विचारतो, 'हिची खरी आई कोण?' 'तू माझ्या पोटातून नाही, मनातून आलीस' हे वाक्य चार वर्षांच्या मुलीला पुरतं. दहा वर्षांच्या मुलीला पुरत नाही, कारण तिला ती कुणाच्या तरी पोटातून आली आहे हे कळलेलं असतं आणि तिला त्या बाईविषयी विचारायचं असतं. अशा वेळी घाईनं समजूत घालू नये. आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं सांगावं, आणि 'मलाही कधी कधी तिची आठवण येते' असं खरंच वाटत असेल तर तेही म्हणावं.

सरूच्या आयुष्यात हा प्रश्न शाळेत फार वर आला नाही. तो उसळला महाविद्यालयात, कॅनबेराला हॉटेल व्यवस्थापन शिकताना, भारतीय विद्यार्थ्यांशी मैत्री झाल्यावर. मग रात्रीमागून रात्री हावड्याहून निघणारे लोहमार्ग उपग्रहचित्रांवर तपासणं सुरू झालं. गाडीचा वेग आणि प्रवासाचे तास यांवरून त्यानं हावड्याभोवती सुमारे हजार किलोमीटरचं वर्तुळ धरलं होतं. गाव त्याच्याही बाहेर निघालं. मार्च २०११ मध्ये बऱ्हाणपूर स्टेशनाजवळची पाण्याची टाकी दिसली आणि तिथून रूळ धरून खांडवा. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो गणेश तलाईत पोचला. आई काही घरांच्या अंतरावरच राहत होती. मुलगा परत आला तर सापडावं म्हणून ती तिथून लांब गेलीच नव्हती. ज्याची वाट बघत तो फलाटावर झोपला होता, तो भाऊ गुड्डू मात्र त्याच सुमारास रुळांवर मरण पावला होता. आणि ज्या नावानं सरू जगभर ओळखला जातो ते मुळात होतं शेरू.

या शोधात तो किती बुडाला आहे हे त्यानं होबार्टच्या आईवडिलांना बराच काळ सांगितलं नव्हतं. त्यांना वाईट वाटेल, ही भीती. भिंतीवर नकाशा लावणाऱ्या घरातल्या मुलालाही ती वाटली, तर जिथं हा विषयच काढायचा नसतो तिथल्या मुलाची काय अवस्था होत असेल? प्रत्यक्षात सू पुढे स्वतः खांडव्याला जाऊन त्याच्या आईला भेटली. सरूनं होबार्टचं घर सोडलं नाही, आणि खांडव्याच्या आईला आधारही दिला.

प्रत्येक मुलाला असा शोध घ्यावासा वाटेलच असं नाही. ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मली. ससून रुग्णालयाशी निगडित 'श्रीवत्स' या संस्थेत तिचं नाव लैला होतं. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांची पत्नी सू मुलगा दत्तक घ्यायला आले होते. अवघ्या काही आठवड्यांच्या या मुलीला पाहिलं आणि तिलाच घेऊन गेले. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी ती पहिली महिला ठरली. कारकिर्दीचा शेवटचा सामना ती फेब्रुवारी २०१३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर खेळली, विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि तो तिच्या संघानं जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी ती 'श्रीवत्स'मध्ये जाऊन आली होती. तिच्याजवळ सरूसारखी नदी-पुलाची आठवण नाही. पण आपण कुठून आलो हे सांगणारी जागा आहे, तिचा पत्ता आहे, आणि हवं तेव्हा तिथं जाता येतं.

आजच्या भारतीय नियमांनी मुलाचा हा हक्क मान्य केला आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाविषयीची माहिती मागण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो; त्याआधी दत्तक आईवडिलांसह. तिऱ्हाइताला तो अधिकार नाही. जन्मदात्या आईच्या खासगीपणाचं रक्षणही कायदा करतो, त्यामुळे प्रत्येक वेळी नाव-पत्ता हाती पडेल असं नाही. म्हणूनच घरी असलेले कागद फार मोलाचे ठरतात : दत्तकविधानाचा आदेश, संस्थेचं नाव, मूल तिथं कोणत्या तारखेला आलं याची नोंद, संस्थेतलं नाव, पहिला फोटो, अंगावरचं झबलं, सांभाळणाऱ्या ताईंनी सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी. बाळ घरी आणताना या गोष्टी विचारून घ्यायच्या राहून गेल्या असतील, तर संस्थेला आजही पत्र लिहिता येतं. वर्षं उलटतात, ताई निवृत्त होतात, संस्था बंद पडतात, तसं ते अवघड होत जातं.

पुढच्या आठवड्यात : मोठ्या वयाचं मूल घरी येतं तेव्हा. ब्रायर्ली यांच्या घरात सरूनंतर काही वर्षांनी कोलकात्याहून आणखी एक मुलगा आला. त्याच घरात, त्याच आईवडिलांजवळ वाढूनही त्याची वाट सरूपेक्षा बरीच खडतर होती.