टेंडर बाईच्या नावाचं, धंदा कुणाचा?

मैत्रिणींनो, अंगणवाडीतली गरम खिचडी आणि लहानग्यांना घरी न्यायला मिळणारा पाकीटबंद आहार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण हा आहार पुरवायचं काम कुणाला मिळतं, याची चौकशी आपण फारशी करत नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. शक्यतो गावातले बचत गट आणि महिला मंडळं यांना हे काम द्या. पोराच्या तोंडात घास आणि आईच्या हातात चार पैसे, असा सरळ हिशोब.

झालं काय? महाराष्ट्रात पाकीटबंद आहाराची मोठी कामं मोजक्या ‘महिला’ संस्थांकडे गेली, आणि त्यांच्यामागे खासगी कंपन्या असल्याचं न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. पुढे २०१६ च्या टेंडरमध्ये कितीतरी प्रकल्प एकत्र बांधले आणि अटी अशा घातल्या, की दहा-बारा बायकांचा गट दारातच अडावा. एक बचत गट भांडत थेट दिल्लीपर्यंत गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टेंडर प्रक्रिया रद्द केली. मला विचाराल तर, ही बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती!

आता हे आठवायचं कारण. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असा नियम आहे. त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. हे २०१८ पासून. टेंडरचा अर्ज फुकट मिळतो, अनामत रक्कमही माफ. भावातही थोडी सवलत आहे. समजा, एखाद्या मोठ्या कंपनीचा सगळ्यात कमी भाव १०० रुपये आणि तुमचा ११५ च्या आत, तर तुम्हाला १०० वर यायची संधी मिळते आणि मागणीतला काही हिस्सा तुम्हाला देता येतो. पण १०० वर यावंच लागतं हं! पीठ, मजुरी, वीज, पोचवायचं भाडं सगळं धरून ते परवडेल का, हे आधी वहीत मांडून बघा. आमच्याकडच्या एका गटाने मसाल्याचा हिशोब मांडला, तेव्हा भाडं धरायचंच राहिलं होतं. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कुणी हजार-दोन हजार मागितले तर सरळ नाही म्हणा. आणि नुसता माल विकत घेऊन पुढे विकणाऱ्याला ही खरेदीतली सवलत नाही, स्वतः बनवणाऱ्याला आहे.

भागीदारीत असाल तर निदान ५१ टक्के वाटा बायकांचा लागतो. इथेच गोम आहे. नवरा, दीर किंवा ओळखीचा कुणी ठेकेदार म्हणतो, ‘वहिनी, फक्त सही करा, बाकी मी बघतो.’ मग ओटीपी त्याच्या फोनवर, पासवर्ड त्याच्या डायरीत, बँकेचं पुस्तक त्याच्या कपाटात. अशा कितीतरी सह्या मी पाहिल्यात. उद्या माल खराब निघाला तर नोटीस मात्र वहिनींच्या नावाने येते. भाऊजी तेव्हा कुठे असतात, ते विचारू नका.

पैशाचं दुखणं वेगळंच. माल दिल्यावर बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर छानच आहे. पण लहान बाई तक्रार करायला कचरते, पुढची ऑर्डर गेली तर? तोवर किराणावाल्याची उधारी वाढते, गटाचा हप्ता चुकतो. म्हणून पहिली ऑर्डर छोटीच घ्या, दोन महिने बिल अडकलं तरी निभेल एवढीच. माल पोचल्याची पावती सही-शिक्क्यासह त्याच दिवशी घ्या, आणि तिची एक झेरॉक्स स्वतःच्या कपाटात ठेवा.