कॅमेरा कुठे उभा आहे?

कथा कोण सांगतो, हा प्रश्न दलित साहित्याने मराठीला विचारला. चित्रपटाला त्याच्याच जोडीचा प्रश्न विचारावा लागतो: पाहतो कोण? पिंपळनेरच्या आसपासच्या भिल्ल, कोकणा आणि दलित वस्त्यांतली मुले माझ्याकडे शिकतात. नटांची नावे त्यांना तोंडपाठ असतात, छायालेखकाचे एकालाही ठाऊक नसते. म्हणून गोविंद निहलानी यांच्या वाटचालीवरून हे काम समजून घेऊ.

निहलानींचा जन्म १९४० साली कराचीचा. फाळणीने कुटुंबाला गाव सोडावे लागले. बंगलोरच्या पॉलिटेक्निकमध्ये छायालेखन शिकून त्यांनी व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली उमेदवारी केली. पुढे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१), श्याम बेनेगलांचे ‘अंकुर’ (१९७४), ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६) आणि जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) त्यांनी टिपले. ‘जुनून’च्या छायालेखनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

छायालेखक नेमके काय करतो? कॅमेरा किती उंचीवर, माणसापासून किती दूर आणि कोणत्या उजेडात ठेवायचा, हे तो दिग्दर्शकासोबत ठरवतो. जमीनदार आणि मजूर एका चौकटीत असतील आणि भिंगातून येणारा उजेड जमीनदाराच्या उजळ चेहऱ्याला बेतून घेतला, तर मजुराचा काळा चेहरा अंधारात बुडतो. त्याचे दुःख पडद्यावर येण्यापूर्वीच नाहीसे होते. हा केवळ यंत्राचा दोष नव्हे. कोडॅक कंपनी रंगीत छपाईच्या तपासणीसाठी प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले ‘शर्ली कार्ड’ पुरवीत असे. मापच गोऱ्या कातडीचे असेल, तर काळी कातडी चुकीची ठरणारच!

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘आक्रोश’ (१९८०) हा निहलानींनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. कॅमेराही त्यांचाच. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या जवळजवळ अखेरपर्यंत गप्प असतो. त्याच्या वतीने वकील बोलतो. मात्र कॅमेरा लहान्याच्या डोळ्यांपाशी थांबतो आणि त्या मौनाची साक्ष नोंदवतो. १९८८ साली दूरदर्शनवर ‘तमस’ आली. गुरू मूर्ती यांचे छायालेखन तिला लाभले. मेलेल्या डुकरापासून पेटणाऱ्या त्या दंगलीच्या कथेत डुक्कर मारायला लावला जातो तो नत्थू हा चर्मकार. मालिका थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली.

हे काम मोठे आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही लहान्याकडे पाहणारी नजर बाहेरची आहे; ती कळवळ्याची आहे, पण बाहेरचीच. वडार समाजातून आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) हे अंतर तोडले. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट भिंगाच्या, म्हणजे पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. ज्याच्याकडे आजवर पाहिले गेले, तो आता पाहणाऱ्यालाच जाब विचारतो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, पडद्यावर आपला माणूस दिसला एवढ्यावर समाधान मानू नका. उजेड कोणासाठी बेतला आहे ते पाहा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखनाचे शिक्षण मिळते, तिथे राखीव जागाही आहेत. लेखणी आपण हाती घेतली. कॅमेराही घ्यावा लागेल, कारण प्रकाशाचे माप ठरवणे हाही सत्तेचाच भाग आहे.