वरच्या मजल्याची लादी, खालच्या मजल्यांचे छत

विठ्ठलवाडी स्थानकाच्या आसपास कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या वस्त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. या पट्ट्यातील अलीकडच्या दुर्घटनांचे स्वरूप मुंब्र्यात 2013 साली घडले त्याहून वेगळे आहे, कारण तेथे अख्खी इमारत जमीनदोस्त झाली होती, तर येथे इमारत उभीच राहते आणि वरचा एक स्लॅब खालचे स्लॅब फोडत तळमजल्यापर्यंत येतो. 28 मे 2021 रोजी उल्हासनगरच्या साईसिद्धी इमारतीत पाचव्या मजल्याचा स्लॅब असा खाली आला आणि सात जण दगावले; 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचे काम चालू असताना तेच घडले आणि सहा जणांचा बळी गेला.

हे का घडते, ते वजनाच्या हिशेबातून कळते. बारा सेंटीमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो, म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे छत तीन टनांहून जड असते; उलट माणसे आणि सामानसुमान यांच्यासाठी निवासी स्लॅबच्या आराखड्यात दर चौरस मीटरला साधारण 200 किलोच गृहीत धरलेले असतात. जुनी लादी न काढता पाच सेंटीमीटरचा मसाला घालून नवी बसवली, तर त्यातील निम्मी क्षमता तिथेच संपते, आणि जुनी लादी काढायची म्हटली तर हातोड्याचे व ब्रेकरचे हादरे आधीच कुजलेल्या काँक्रीटला सोसावे लागतात.

कुजण्याची प्रक्रिया संथ असली तरी मुकी नसते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असल्याने आतल्या सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की ही अल्कता घटते (यालाच कार्बोनेशन म्हणतात), आणि त्यात गच्चीची किंवा मोरीची गळती मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून सळईवरचे काँक्रीटचे आवरण, म्हणजेच कव्हर, आतून ढकलले जाते. प्रथम सळईच्या रेषेत तडा, मग तांबूस डाग, मग पोपडे, आणि शेवटी उघडी सळई दिसते. अशा छताला गिलावा करून रंग देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक उपाय होय, कारण त्याने रोग तसाच राहून केवळ लक्षण झाकले जाते.

खरी तपासणी फार महाग नसते. ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन शिंपडले असता निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील पोकळ्यांचा, तर विद्युतविभवाच्या मोजणीवरून सळईच्या गंजाचा अंदाज येतो. मात्र तपासणीचा अहवाल येईपर्यंत संशयित स्लॅबवरचे जड सामान हलवणे, वरची गळती थांबवणे आणि स्लॅबखाली लोखंडी टेकू देणे, तेही एकाच मजल्यावर न देता सरळ रेषेत जमिनीपर्यंत, आवश्यक असते. अन्यथा टेकूच खालच्या स्लॅबवर भार टाकतो.

धोका दिसताच जागा बंद करणे हाही एक मार्ग असतो. इंग्लंडमध्ये वायुमिश्रित हलक्या काँक्रीटच्या छतफळ्या अचानक कोसळू शकतात, असे दिसल्यावर 31 ऑगस्ट 2023 रोजी, सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, शंभरहून अधिक शाळांना संबंधित भाग बंद करण्यास सांगण्यात आले. शाळेची खोली बंद करता येते. कुटुंबाचे एकमेव घर बंद करणे निराळे. महाराष्ट्रात तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार संरचनात्मक स्थिरता प्रमाणपत्र आवश्यक असते, आणि पालिका इमारतींचे सी-1 (रिकामी करून पाडण्याजोगी), सी-2 अ (रिकामी करून दुरुस्ती), सी-2 ब (रहिवासी ठेवून दुरुस्ती) व सी-3 (किरकोळ दुरुस्ती) असे वर्ग पाडते. रहिवाशांना सी-1 च्या नोटिशीत छताच्या धोक्यापेक्षा जागेवरचा हक्क गमावण्याचा धोका मोठा दिसतो, आणि बेकायदा बांधकाम नियमित करण्यासाठी 2006 साली स्वतंत्र कायदा करावा लागलेल्या उल्हासनगरात ही भीती निराधार म्हणता येत नाही. त्यामुळे घर रिकामे करण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्रफळ मोजून त्याचा लेखी दाखला देणे, हे काम टेकू देण्याइतकेच तातडीचे ठरते.