पासंगाचें शास्त्र : घाटांतील इंजिन आणि खेळांतील मोटार

जड या शब्दाला मराठी बोलण्यांत फारशी प्रतिष्ठा नाहीं. बुद्धि जड असली तर तो दोष. पाऊल जड झालें तर तें दुःखाचें लक्षण. आणि एखादा ग्रंथ जड म्हटला कीं तो फळीवरच राहावयाचा. परंतु चाकांवर चालणाऱ्या वस्तूंच्या जगांत जडपणा हा पुष्कळदां गुण ठरतो. मात्र तो योग्य जागीं असावा लागतो. जागा चुकली कीं तोच गुण अपघाताचें कारण होतो. हा नियम मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल तर कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सांपडेल. आणि तो घरच्या घरीं पडताळून पाहावयाचा असेल तर खांचेंतून धांवणारी खेळांतली मोटार पुरेशी आहे.

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाड्यांना कर्जत स्थानकांत मागून जादा इंजिनें जोडण्याची रीत फार जुनी आहे. बोरघाटांतील हा लोहमार्ग इ. स. १८६३ मध्यें सुरू झाला. त्याची सर्वांत कठीण चढण ३७ फुटांस १ फूट अशी आहे. १००० टनांची गाडी या चढणीवर चढवावयाची तर केवळ पृथ्वीच्या आकर्षणाविरुद्धच सुमारें २७ टनांचा जोर लागतो. हा जोर यंत्रांत असून भागत नाहीं. तो चाकांतून रुळापर्यंत पोंचावा लागतो. पोलादी चाकाची पोलादी रुळावरील पकड, चाकावर जो भार असेल त्याच्या फार तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास असते. त्याहून अधिक जोर लावला कीं चाक जागच्या जागींच गरगरूं लागतें. म्हणून घाटांतलें इंजिन मुद्दाम जड असतें. इ. स. १९२८ च्या सुमारास या मार्गावर विजेचीं जीं इंजिनें आलीं, त्यांना रेल्वेचे कामगार ‘खेकडा’ म्हणत. त्यांचें वजन शंभर टनांहून अधिक होतें. आणि त्यांचे सहाही आंस ओढणारे असल्यामुळें त्या वजनाचा कणहि वायां जात नसे. हेंच वजन मागच्या डब्यांत भरलें असतें तर तें पकड न राहतां निव्वळ ओझें झालें असतें.

नियमाची दुसरी बाजू नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीवरून कळते. इ. स. १९०७ मध्यें सुरू झालेल्या या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अवघें २ फूट, चढण कांहीं ठिकाणीं २० स १, आणि वळणें तर एकामागून एक. पाया अरुंद असल्यामुळें गाडीचा भार जितका उंचावर असेल तितकी ती वळणावर कलंडण्याची भीति अधिक. म्हणून या गाडीला धांवण्याचा मोह आवरावा लागतो. खालापूर तालुक्यांत खोपोलीहून घाट चढणाऱ्या मालमोटारींचेंहि तसेंच आहे. लोखंडी सळया भरलेली मोटार आणि भाताचा पेंढा उंच रचलेली मोटार, या दोहोंचें वजन कांट्यावर अगदीं सारखें भरलें तरी वळणावर त्यांची योग्यता सारखी नसते. सळयांचा भार तळाशीं असतो. पेंढ्याचा भार आकाशांत असतो.

हींच दोन्ही तत्त्वें घेऊन आतां खेळाकडे वळावें. खांचेंतल्या मोटारींचा खेळ जगभर पसरला तो मुख्यतः इंग्लंडांत इ. स. १९५७ मध्यें पुढें आलेल्या ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ या खेळण्यामुळें. यांत खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढी मोटार असते. मार्गाला मधोमध एक खांच, आणि खांचेच्या दोन्ही बाजूंस धातूची एकेक पट्टी. मोटारीच्या पुढच्या टोकाखालीं एक पातें खांचेंत उतरलेलें असतें. त्याच्या बाजूच्या तांब्याच्या तारांच्या वेण्या पट्ट्यांवरून वीज घेतात, आणि सामान्यतः मागचीं चाकें गाडी ढकलतात. खेळणाराच्या हातीं एकच गोष्ट असते : वीज किती द्यावयाची. वळणावर ती जास्त झाली कीं पातें खांचेंतून सुटतें आणि मोटार शर्यतीबाहेर फेंकली जाते.

पुष्कळ मोटारींच्या पोटाखालीं कारखानदारच एक लोहचुंबक बसवून देतो. तें पट्ट्यांना ओढून मोटार मार्गाशीं जखडून ठेवतें. मुलांना त्यानें सोय होते, परंतु कौशल्यास वाव कमी राहतो. म्हणून मुरलेले खेळाडू पुष्कळदां तें काढून टाकतात. मग मोटार हलकी आणि अवखळ होते, आणि तिला वजन जोडण्याची वेळ येते.

येथें घाटांतल्या इंजिनाचा धडा जसाच्या तसा लावला तर मात्र फसगत होते. मोटार जड केली म्हणजे चाकांची पकड वाढते, हें खरें. पण वळणावर बाहेर फेंकलें जाण्याची तिची ओढहि त्याच प्रमाणांत वाढते. एका हातानें मिळालेलें दुसऱ्या हातानें जातें. शिवाय वेग घेण्यास वेळ लागतो, थांबण्यास अंतर लागतें आणि यंत्र तापतें. लोहचुंबकाची गोष्ट निराळी. तें भार वाढवतें, वस्तु वाढवीत नाहीं. तेव्हां वजनापासून खरा लाभ होतो तो किती जोडलें यापेक्षां कोठें जोडलें यावर अवलंबून असतो.

एक साधा हिशेब पाहावा. समजा, मोटार ८० ग्रॅमची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य मार्गापासून १५ मिलिमीटर उंच आहे. १० ग्रॅमचा तुकडा ३ मिलिमीटर उंचीवर, म्हणजे तळाशीं, बसविला तर गुरुत्वमध्य सुमारें १३.७ मिलिमीटरवर उतरतो. तोच तुकडा टपाखालीं २५ मिलिमीटर उंचीवर चिकटविला तर तो १६ मिलिमीटरच्या वर जातो. धातु तीच, वजन तेंच. एक मोटार सळयांची झाली, दुसरी पेंढ्याची.

आतां धातूंची निवड. तळाशीं जागा थोडी असते, म्हणून थोड्या जागेंत जास्त वजन मावणारी धातु हवी. एका घन सेंटिमीटरचें वजन पोलादाचें सुमारें ७.८ ग्रॅम, पितळेचें ८.५, शिशाचें ११.३ आणि टंगस्टनचें १९.३ ग्रॅम भरतें. टंगस्टन हें जवळजवळ सोन्याइतकेंच जड आहे, हें ऐकून गृहिणींना नवल वाटेल. १० ग्रॅम वजनाचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर पितळेचा सुमारें १२ चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो, शिशाचा ९ आणि टंगस्टनचा ५ हून किंचित् अधिक.

परंतु घनता म्हणजे सर्वस्व नव्हे. टंगस्टन महाग आणि अतिशय कठीण; घरच्या करवतीला तें दाद देत नाहीं, म्हणून तयार मापाचेच तुकडे घ्यावे लागतात. मळलेल्या कणकेसारखा टंगस्टनचा लगदाहि मिळतो. तो हव्या त्या कोपऱ्यांत दाबून बसवितां येतो. मात्र त्यांत चिकट द्रव्य मिसळलेलें असल्यानें तो शुद्ध धातूइतका जड नसतो. पितळेचा पत्रा बारीक दातांच्या करवतीनें कापतां येतो, झाळून जोडतां येतो आणि त्याची कड सरळ राहते. सपाट, रुंद तळपट्टीस त्यासारखी धातु नाहीं. शिसें स्वस्त, मऊ आणि साध्या कात्रीनें कापण्याजोगें. गुण इतके दिसतात कीं नवशिक्या प्रथम त्याकडेच वळतो.

आणि येथेंच घरांतील वडील माणसांनीं लक्ष घातलें पाहिजे. शिसें हें विष आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तें विशेष घातक असून शरीरांत त्याचें अमुक प्रमाण निर्धोक, असें ज्ञात नाहीं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट अभिप्राय आहे. शिसें ३२७ अंश सेल्सिअसला वितळतें, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीवरहि; पण तो मोह कोणीहि धरूं नये. त्याला कानस किंवा कांचकागद लावूं नये, कारण त्याची भुकटी बोटांवरून तोंडांत जाते. जेवणाच्या मेजावर तें कापूं नये. काम झाल्यावर हात साबणानें धुवावे, कपटे डबींत बंद करावे आणि बसविलेल्या तुकड्यावर रंगाचा थर द्यावा. मोटारींच्या चाकांचा तोल साधण्यासाठीं ज्या चिकट पट्ट्या दुकानांत मिळतात त्या कांहीं शिशाच्या, तर कांहीं पोलादाच्या वा जस्ताच्या असतात. पोलाद लोहचुंबकास चिकटतें. शिसें चिकटत नाहीं, पण कागदावर करडी रेघ उमटवितें. घरांत रांगणारें मूल असेल तर शिशाचा नाद सोडून पितळ किंवा टंगस्टन घ्यावें हेंच शहाणपणाचें. शर्यतींत क्षणभर मागें पडणें परवडतें.

जोडणीचा क्रम असा ठेवावा. आधीं वजनावांचूनच मोटार चालवून पाहावी. मळलेले टायर आणि विस्कटलेल्या वेण्या हाच पुष्कळदां खरा दोष असतो, आणि तो शिशानें बरा होत नाहीं. मग २-३ ग्रॅमचे तुकडे तात्पुरते चिकटवून एकाच वळणावर दहा-दहा फेऱ्या घ्याव्या आणि वेळ वहींत टिपून ठेवावी. पुढचें टोंक उचलत असेल तर पात्याच्या लगत मागें वजन द्यावें. मोटार कलंडत असेल तर दोन्ही कडांस, तळाशीं, समसमान द्यावें. मागचीं चाकें सुटतांना घसरत असतील तर मागच्या आंसाच्या किंचित् पुढें द्यावें. घाटांतल्या इंजिनाचा धडा उपयोगी पडतो तो येथें. आंसाच्या मागें मात्र देऊं नये. तेथला भार तरफेप्रमाणें पुढचें पातें वर उचलतो आणि वळणावर शेंपूट बाहेर फेंकतो.

जागा ठरली म्हणजे तळ स्पिरिटनें पुसून, दोन्ही बाजूंनीं चिकटणाऱ्या पट्टीनें तुकडा पक्का करावा. तो दांतचक्रांना घांसूं नये. विशेषतः त्याची कड मार्गावरील पट्ट्यांपर्यंत लोंबूं देऊं नये. दोन्ही पट्ट्यांना एकदम स्पर्श झाला तर धातूंतून वीज आडवी वाहून खेळ बंद पडतो.

वाणी आपल्या तराजूचीं दोन पारडीं समान करण्यासाठीं हलक्या बाजूस लहानसा खडा बांधतो. त्याला पासंग म्हणतात. माल त्यानें वाढत नाहीं. तराजू मात्र खरें बोलूं लागतें. खेळांतल्या मोटारीचें वजन हें असेंच पासंग आहे. ज्या मुलानें १० ग्रॅम धातु चार जागीं बसवून प्रत्येक वेळचा परिणाम टिपला, त्याला कर्जतचें जादा इंजिन मागें कां जोडतात, माथेरानची गाडी हळू कां चालते आणि खोपोलीच्या वळणावर पेंढ्याची मालमोटार कां जपून न्यावी लागते, हें निराळें शिकवावें लागणार नाहीं.