कैरो : गोंधळामागची घडी



परक्या शहराहून परतलेल्या माणसाला दोन मोह होतात. पाहिले ते सारे अद्भुत होते असे सांगण्याचा एक, आणि त्यापेक्षा आपलेच गाव बरे असे म्हणण्याचा दुसरा. कैरोविषयी बोलताना हे दोन्ही मोह टाळावेत असा माझा प्रयत्न राहील. तो कितपत साधतो ते आपण ठरवालच.

पहिल्या दिवशी मी एका रुंद रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस मिनिटे नुसता उभा होतो. पलीकडे जायचे होते, पण मोटारींचा लोंढा थांबेना. अखेर भाजीची जुडी हाती घेतलेली एक बाई आली, तिने लोंढ्याकडे दृष्टी टाकली आणि ती सरळ चालू लागली. गाड्या तिला वळसा घालून जात राहिल्या. मी लाज सोडून तिच्या सावलीने पलीकडे गेलो. मागाहून उमगले, की येथे थबकणारा माणूस धोक्यात येतो. एका चालीने चालणाऱ्याचा अंदाज चालकाला घेता येतो. म्हणजे नियम होता. फक्त तो पाटीवर लिहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात शिरलो आणि तासाभरातच वाट चुकलो. सायकल चालवणारा एक मुलगा डोक्यावर भाकऱ्यांनी भरलेली लांबरुंद फळी तोलत अंगावरून गेला. तांब्याची भांडी ठोकणारे, गाढवाची गाडी, कर्ण्यावरून येणारी बांग, मसाल्यांचा वास, या सगळ्यांत दिशेचे भानच उरेना. शेवटी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारले. तिकडे अशा वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला ‘अम्म’, म्हणजे काका, म्हणून हाक मारतात. काका उठले, दुकान शेजाऱ्यावर सोपवले आणि थेट वेशीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. त्यांचे अरबी मला फारसे कळले नाही. पण ‘घाई कशाला?’ असे ते म्हणत असावेत, हे हातवाऱ्यांवरून कळत होते.

त्या रात्री मनात प्रश्न आला, तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हे शहर असे का? येथे व्यवस्थाच नाही, की असलेली व्यवस्था आपल्याला वाचता येत नाही?

पहिली गोष्ट अशी, की कैरो हे एक शहर नव्हे. इ. स. ६४१ च्या सुमारास अरब सेनेने नाईलकाठी फुस्तात वसवले. पुढे अहमद इब्न तुलून याने त्याच्या उत्तरेस आपली राजधानी उभारली. त्याची ८७९ मध्ये पुरी झालेली मशीद आजही उभी आहे. ९६९ मध्ये फातिमी सेनापती जौहर याने आणखी उत्तरेस ‘अल्‌ काहिरा’, म्हणजे विजयिनी, या नगरीचा पाया घातला. पण ती होती राजवाड्यांची आणि सैन्याची. सामान्य प्रजा फुस्तातमध्येच राहत असे. ११६८ मध्ये क्रुसेडर चालून आले तेव्हा ते त्यांच्या हाती पडू नये म्हणून वजिराच्या हुकुमाने फुस्तात जाळण्यात आले. त्यानंतर सलाउद्दीनाच्या काळात राजनगरीचे दरवाजे प्रजेला खुले झाले.

येथेच पहिल्या गुंत्याची उकल आहे. दोन राजवाड्यांमधले जे प्रशस्त पटांगण, त्याचे नाव ‘बैन अल्‌ कस्रैन’, म्हणजे ‘दोन वाड्यांमध्ये’. वाडे गेले, आणि त्या जागी मशिदी, मदरसे, बाजार दाटीने उभे राहिले. राजाच्या मिरवणुकीसाठी आखलेली नगरी लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे वाकवली. नागीब महफूझ यांच्या १९५६ मधील प्रसिद्ध कादंबरीला हेच नाव आहे. या लेखकाला १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान नाईल नदीही स्वस्थ बसली नव्हती. शतकानुशतके तिचे पात्र पश्चिमेकडे सरकत गेले आणि मागे नवी जमीन उरली. १८६७ चे पॅरिसचे प्रदर्शन पाहून आलेल्या खेदिव इस्माईलने तिकडे पॅरिसच्या धर्तीवर नवे शहर आखले. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला व्हायचा होता आणि युरोपचे पाहुणे येणार होते. प्रत्येक राजवटीने जुने पाडून नवे बांधले नाही, ती शेजारी सरकली. म्हणून येथे हजार वर्षे एकामागून एक न येता एकाच वेळी समोर उभी राहतात, आणि प्रवासी गोंधळतो.

दुसरी गोष्ट गल्ल्यांची. अरुंद गल्लीत ऊन फार वेळ टिकत नाही, हे वाळवंटाच्या कडेला राहणारालाच ठाऊक. खिडक्यांवरील लाकडी जाळीला ‘मशरबिया’ म्हणतात. तिच्यातून वारा येतो, बाहेरचे दिसते, आतले दिसत नाही. तेथे पाण्याचे घडेही गार होत. छपरावर ‘मल्कफ’ नावाचे वाऱ्याकडे तोंड केलेले धारे असत, ते वरची झुळूक खाली आणीत. ज्याला आपण वेडावाकडेपणा समजतो, त्यात उन्हाचा हिशेब होता.

तिसरी गोष्ट पैशाची. ही सारी घडी चालवी कोण? नगरपालिका असे काही तेव्हा नव्हते. दुकाने, शेते, स्नानगृहे यांचे उत्पन्न धर्मार्थ कायमचे लावून देण्याची ‘वक्फ’ ही पद्धत होती. त्यातून सुलतान कलाऊनने १२८४ मध्ये बांधलेले इस्पितळ चाले. त्याच जागी आजही डोळ्यांचे रुग्णालय आहे. त्यातूनच ‘सबील-कुत्ताब’ चालत: खाली वाटसरूंसाठी पाणपोई आणि वर मुलांची शाळा. १७४४ मधील अशी एक सुरेख इमारत मुइझ रस्त्याच्या फाट्यावर आहे. तहानेची आणि अक्षराची सोय एकाच छपराखाली करणारा हा विचार मला पिरॅमिडांहून मोठा वाटला. पुढे मुहम्मद अलीने वक्फच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि डागडुजीचा झराच आटला. विसाव्या शतकात घरभाडी कायद्याने गोठली, मालकांनी घरांकडे पाठ फिरवली. मुंबईकरांना याची कथा सांगायला नको.

आपले नातेही एवढ्यावर संपत नाही. फुस्तातमधील बेन एझ्रा या ज्यू प्रार्थनामंदिरात जुन्या कागदांची एक कोठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते कागद बाहेर आले. त्यांतील अकराव्या-बाराव्या शतकांच्या व्यापारी पत्रांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे येतात, त्यांत आपले ठाणेही आहे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत टोचलेला मुद्दा. मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी ‘झब्बालीन’, म्हणजे कचरा वेचणारे, यांची वस्ती आहे. वरच्या इजिप्तमधून आलेले हे बहुतांशी कॉप्ट ख्रिस्ती लोक घरोघरचा कचरा आणतात, हाताने निवडतात आणि त्यातील बराचसा पुन्हा वापरात आणतात. ओले ते डुकरांना घालीत. दुर्गंधी आहे, गलिच्छपणा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००३ च्या सुमारास सरकारने परदेशी कंपन्यांना कचऱ्याचे ठेके दिले; पण त्यांच्या मोठ्या गाड्या अरुंद गल्ल्यांत शिरेनात. २००९ मध्ये इन्फ्लुएंझाच्या भीतीने देशातील सारी डुकरे मारण्यात आली, आणि खरकटे रस्त्यावर कुजू लागले. ज्यांना व्यवस्थेबाहेरचे मानले, तेच व्यवस्थेचा कणा होते, हे तेव्हा ध्यानात आले.

तरीही मी गोंधळाचे गोडवे गायला उभा नाही. दोन कोटींहून अधिक लोकांच्या महानगराला रस्ते हवेत, गटारे हवीत. २०२० पासून जुन्या दफनभूमीतून रस्ते आणि पूल नेताना कितीतरी पिढीजात कबरी पाडल्या गेल्या. त्या दफनभूमीत माणसेही राहतात, संसार करतात. रस्ता हवा हे खरे. पण तो आखणाऱ्याने आधी त्या गल्लीतून पायी चालून पाहिले होते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडेही जुन्या पेठा आणि गावठाणे मोडून नवे बांधण्याचे दिवस आहेत. नकाशावर जे वेडेवाकडे दिसते, ते कशासाठी तसे झाले हे पाडण्यापूर्वी विचारावे. उत्तर ‘कशासाठीही नाही’ असे आले तर खुशाल पाडावे. पण विचारायला मात्र, त्या काकांप्रमाणे, थोडी घाई सोडावी लागते.