शुद्ध तेवढं सुरक्षित? रॉकेटच्या टाकीत नाही

रसायन जितकं शुद्ध, तितकं ते सांभाळायला सोपं, अशी आपली समजूत असते. नायट्रोजन टेट्रॉक्साइडने ती मोडीत काढली. हे इंधन नव्हे, इंधनाला जाळणारा ऑक्सिडायझर. साधारण 21 अंश सेल्सिअसला उकळतो आणि झाकण उघडं राहिलं की तांबूस, विषारी धूर सोडतो. अपोलोच्या तयारीत, 1965च्या सुमारास, तो अधिक शुद्ध करून टायटॅनियमच्या टाक्यांत भरला, तर चाचणीत टाक्यांनाच तडे गेले. शुद्धीकरणात थोडा नायट्रिक ऑक्साइड निघून गेला होता आणि धातूला सांभाळणारा नेमका तोच होता! एक टक्क्याहूनही कमी परत मिसळला, तडे थांबले. असा द्रव तपकिरी नव्हे, हिरवट दिसतो.

धूर सोडणारं लाल नायट्रिक आम्ल या दुसऱ्या ऑक्सिडायझरचीही हीच तऱ्हा. त्यात किंचित हायड्रोफ्लोरिक आम्ल घातलं की टाकीच्या आतून फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि धातूची झीज पुष्कळच कमी होते. एका जहाल आम्लावर दुसऱ्याचा उतारा.

‘गळती झाली तर वासावरून कळेलच’ हा भरवसा मला सगळ्यात घातक वाटतो. हायड्राझिन या रॉकेट इंधनाला अमोनियासारखा वास आहे खरा. पण नाकाला तो जाणवतो साधारण तीन-चार पीपीएमला, आणि अमेरिकेत कामाच्या जागची कायदेशीर मर्यादा आहे एक पीपीएम. म्हणून हायड्राझिन भरणारे तंत्रज्ञ हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेला अंगभर सूट चढवतात. टेट्रॉक्साइडची वाफ काय करते, हे 1975 मध्ये दिसलं. अपोलो-सोयूझ मोहिमेतून परतताना ती केबिनमध्ये शिरली, व्हॅन्स ब्रँड बेशुद्ध पडले आणि तिन्ही अमेरिकी अंतराळवीरांना होनोलुलूत रुग्णालयात ठेवावं लागलं.

इंधन आणि ऑक्सिडायझरची अशी जोडी टाकीतच पेट घेते, हेही खरं नाही. इस्रोच्या विकास इंजिनासाठी यूएच-25 हे इंधन (75 टक्के यूडीएमएच हा हायड्राझिनचाच एक प्रकार, 25 टक्के हायड्राझिन हायड्रेट) आणि टेट्रॉक्साइड वेगवेगळ्या टाक्यांत असतात. भडका उडतो तो दहनकक्षात एकमेकांना भिडल्यावर.

राहिलं ‘हरित’ इंधन. नासाने 2019 मध्ये जीपीआयएम उपग्रहावर एएफ-एम315ई वापरून पाहिलं. ते निरुपद्रवी नाही, फक्त त्याची वाफ फारशी होत नाही. त्यामुळे भरताना अंगभर सुटाऐवजी साधी संरक्षक साधनं पुरतात. मात्र थ्रस्टरमधला उत्प्रेरक आधी शेकडो अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यासाठी उपग्रहाची वीज खर्ची पडते. हायड्राझिन वेळप्रसंगी थंड उत्प्रेरकावरही काम भागवतं.