दुर्बीण आणि दम

"डॉक्टर, रोज तळ्याभोवती त्याच फेऱ्या. चालायचा कंटाळा येतो हो!" ज्यांना ज्यांना मी चालायला सांगितले, त्यांच्यातील निम्म्या मंडळींकडून ही तक्रार गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. मधुमेहाची गोळी कोणी विसरत नाही, चालणे मात्र पहिल्या पावसाबरोबर बंद पडते ते दिवाळीपर्यंत. म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक युक्ती काढली. कंटाळा करणाऱ्या रुग्णाच्या हाती एक वही द्यायची आणि सांगायचे, की वाटेत दिसेल तो पक्षी लिहून आणून मला दाखवा. युक्ती बऱ्यापैकी चालली. पण ती माझ्याच अंगाशी कशी येत होती, ते आज सांगणार आहे.

आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी. विज्ञान शिकवीत. वय सदुसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. २०२३ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी वही घेतली आणि महिन्याभरात मुलाकडून दुर्बीणही मागवली. खाडीच्या बांधावर आम्ही दोघे आठवड्यातून तीनदा जाऊ लागलो. खंड्या, वंचक, गायबगळा, पाणकावळा अशी यादी वाढत गेली. गुरुजींची साखर उतरली आणि मीही स्वतःवर खूश झालो.

डिसेंबरात आम्ही ठरवले, की एकदा चोडण बेटावर जाऊन यायचे. गोव्यात मांडवी नदीत हे बेट आहे आणि त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे १७८ हेक्टर, म्हणजे पावणेदोन चौरस किलोमीटर. १९८८ साली ते संरक्षित झाले. सालिम अली त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. सावंतवाडीहून पणजी साठेक किलोमीटर. पहाटे निघाले तर उजाडायला पोचता येते.

जाण्याचा दिवस गुरुजींनी पंचांग पाहून काढला. पाणथळ जागेवर पक्षी पाहायचे तर ओहोटी हवी, कारण पाणी उतरून चिखल उघडा पडला की चोच खुपसणारे पक्षी तिथे उतरतात. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ येते आणि तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. अंदाजासाठी हा हिशेब पुरतो.

मोटार पणजीत ठेवून आम्ही रायबंदरपर्यंत पायीच निघालो. पणजी ते रायबंदर हा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांधरस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. लिन्यारेसचा काउंट तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय होता, त्याच्या नावाने हा पूल ओळखला जातो. कडेने मिठागरे आणि कांदळवन. सपाट, सरळ, सकाळी गार वारा. चालायला याहून चांगला रस्ता सापडणे कठीण. फक्त वाहने जोरात असतात, तेव्हा समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे.

गुरुजी दर शंभर-दीडशे पावलांना थांबत होते. "डॉक्टर, जरा थांबा हां, त्या तिवरात काहीतरी हललं." दुर्बीण वर जाई, मीही थांबे. कधी राखी बगळा असे, कधी तुतवार शेपटी वरखाली करीत चिखलावरून पळत असे. हा इवलासा पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून, हिमालय आणि त्यापलीकडून आपल्याकडे येतो. रायबंदरच्या धक्क्यावर पोचायला आम्हाला तासाहून जास्त लागला. "पक्षी फार आहेत आज," मी म्हणालो. गुरुजींनी नुसती मान हलवली.

फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण. धक्क्यापासून अभयारण्य जवळच आहे. आतली पायवाट लांब नाही, पण दोन्ही बाजूंनी झाडे अंगावर येतात आणि बाहेरचा वारा तिथे बंद होतो. ओहोटी लागलेली होती. चिखलात निवटे उड्या मारीत होते, एकच नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवून एकमेकांना दटावीत होते. तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिली रोवाव्यात तशी मुळे वर आलेली. गुरुजींमधला शिक्षक जागा झाला. "चिखलात प्राणवायू नसतो ना, म्हणून ही झाडं नाकं वर काढतात," एवढे वाक्य त्यांनी मध्ये दोनदा थांबून पुरे केले.

पुढे वीसेक पावलांवर ते पुन्हा थांबले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर काहीच नव्हते. मी त्यांच्याकडे वळून पाहिले, तर दुर्बिणीच्या पुढच्या काचांवरची झाकणे तशीच होती. झाकणे न काढता गुरुजी पक्षी पाहत होते! कपाळावर घाम होता आणि शर्टाच्या खिशातले पेन वरखाली होत होते.

त्यांना तिथेच बसवले. छातीत दुखते का? नाही. जबडा, खांदा, हात? नाही. "जरासा दम लागतो, थांबलं की जातो. वय झालं." कधीपासून? "दिवाळीपासून असेल. तुम्ही परत गोळ्या वाढवाल म्हणून बोललो नाही."

पाच मिनिटांत दम बसला. पण मला स्वस्थ बसवेना. वही मागून घेतली. गुरुजी शिस्तीचे, प्रत्येक पानावर निघाल्याची आणि परतल्याची वेळ. खाडीचा तोच दीड किलोमीटरचा बांध ऑक्टोबरात पंचवीस मिनिटांचा होता, डिसेंबरात पन्नास मिनिटांचा. या दोन महिन्यांत पाहुणे पक्षी आले म्हणून वेळ वाढला, असे मी समजत होतो. पानावर पक्षी मात्र पूर्वीइतकेच होते. ही वही मी दर आठवड्याला पाहत होतो आणि वाचत होतो ती फक्त पक्ष्यांची नावे. डॉक्टर म्हणून याची लाज वाटली, अजूनही वाटते.

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी छातीवर दाब येतो आणि थांबल्यावर तो काही मिनिटांत जातो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांना हे दुखणे जाणवेलच असे नाही. मज्जातंतू बधिर झालेले असतात. मग दम, विनाकारण घाम, नेहमीच्या चढावर येणारा थकवा, एवढीच काय ती खूण. वयस्कर बायकांतही अशी आडवळणाने येणारी लक्षणे पुष्कळदा दिसतात. आणि पक्षी पाहणारा माणूस तर थांबतच जातो. जो थकवा सरळ चालणाऱ्याला एका फर्लांगात पकडतो, तो इथे दुर्बिणीआड लपून बसतो.

गुरुजींना चालत परत नेण्याचा प्रश्नच नव्हता. फेरीने अलीकडे आलो, एका भल्या रिक्षावाल्याने मोटारीपर्यंत सोडले आणि तिथून सरळ रुग्णालय. कार्डिओग्राम साफ आला. गुरुजी हसले, "बघा, उगाच घाबरवलंत." स्वस्थ पडून काढलेला कार्डिओग्राम अशा वेळी साफ येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नये. त्रास दोन महिन्यांत वाढत गेला आहे म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी दाखल करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी केली. डाव्या बाजूची मुख्य खाली उतरणारी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होत आली होती. स्टेंट बसवला.

"मग पक्षी पाहणे वाईट का?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. गुरुजी नुसते घरात बसले असते तर दम लागलाच नसता आणि कळलेही नसते. मात्र मी माझी युक्ती बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. दहा पावले चालून पाच मिनिटे उभे राहण्याने मनाला बरे वाटते, पण ती मिनिटे यात धरू नयेत. म्हणून आधी वीस-पंचवीस मिनिटे दुर्बीण पिशवीत ठेवून सलग चालायचे. वेग असा, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. पक्षी नंतर. आणि वहीत, ठराविक अंतराला किती मिनिटे लागली हे लिहायचे. तीच वाट लांबू लागली तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे यायचे.

पाणथळ भागात जाताना मधुमेह्यांनी पायांकडे विशेष बघावे. चपला नकोत. बंद बूट, सुती मोजे, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहणे, घरी आल्यावर तळवे तपासणे. बधिर पायाला शिंपला लागलेला कळत नाही. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात चिखलपाण्यात उतरूच नये. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, हे सिंधुदुर्गात वेगळे सांगायला नको. अशा भटकंतीनंतर महिन्याभरात ताप आला तर कुठे गेला होता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखरेची पुडी असावी, आणि ती पुडी कुठल्या खिशात आहे ते सोबत्याला माहीत असावे. पाणी घरून न्यावे. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. आणि निघण्याआधी वन विभागाकडे पायवाट खुली आहे का, याची चौकशी करावी.

गुरुजींचे चालणे हृदयतज्ज्ञांनी हळूहळू वाढवत नेले. पहिल्यांदा अंगण, मग गल्ली, मग खाडीचा बांध. पुढच्या हिवाळ्यात, तृतीया गाठूनच, आम्ही पुन्हा चोडणला गेलो. बांधरस्ता बेचाळीस मिनिटांत झाला, एकदाही न थांबता. अभयारण्यात मानेभोवती पांढरा पट्टा असलेला निळा खंड्या कांदळाच्या फांदीवर बसला होता. आपल्या नेहमीच्या खंड्याहून हा वेगळा, खारफुटीतच राहणारा. गुरुजींनी दुर्बीण काढली आणि लावण्यापूर्वी झाकणे माझ्या हातात दिली.

"धरा," म्हणाले. "तुमची खात्री असूं दे."